कळपात ब्रुसेलोसिस किती आणि कशामुळे? सर्वेक्षणाची पद्धत, पायरीपायरीने

गाय सातव्या महिन्यात गाभडते, वार अडकते, काही दिवस उपचार चालतात आणि पुढच्या वेताला तीच गाय दिवस भरून विते. मालकाला वाटते, संकट टळले. पण ती गाय बरी झालेली नसते. प्रत्येक विण्याच्या वेळी ती वारेतून आणि स्रावातून असंख्य जिवाणू गोठ्यात सोडते, दुधातूनही अधूनमधून सोडत राहते. ब्रुसेला नावाच्या जिवाणूने होणाऱ्या ब्रुसेलोसिसची बहुतेक जनावरे आजारी दिसतच नाहीत. म्हणून लक्षणे पाहून हा रोग मोजता येत नाही, तो रक्तातच शोधावा लागतो आणि त्यासाठी आधी नीट आखणी लागते.

पशुवैद्यकाचे विद्यार्थी, प्रत्यक्ष गोठ्यांवर काम करणारे पशुवैद्यक आणि मोठे कळप सांभाळणारे लोक यांच्यासाठी हे लिहीत आहे. शंभर जनावरांचे रक्त काढून टक्केवारी सांगणे अवघड नाही. ती टक्केवारी नेमकी कशाची, हे सांगता येणे आणि त्यातून बदलता येण्याजोगा एखादा घटक हाती लागणे, यात खरी मेहनत आहे. माझा सगळा भर त्यावरच असेल.

आधी रोगाची चाल

डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये माल्टा बेटावर तापाने दगावलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून हा जिवाणू वेगळा केला. गाभडलेल्या गाईंमधला त्याचा भाऊबंद बर्नहार्ड बांग यांनी १८९७ मध्ये डेन्मार्कमध्ये शोधला. माल्टातल्या तापाचे मूळ शेळीच्या दुधात आहे, हे थेमिस्टोक्लिस झम्मित यांनी १९०५ मध्ये दाखवले. पुढच्या वर्षी तिथल्या सैन्याला शेळीचे कच्चे दूध देणे थांबवले आणि सैनिकांमधला ताप झपाट्याने खाली आला. तेव्हा ना लस होती, ना प्रतिजैविक. धोक्याचा एक घटक ओळखला आणि तो काढून टाकला, एवढ्यानेच हे झाले.

गाई-म्हशींत मुख्यतः ब्रुसेला अबॉर्टस, शेळ्या-मेंढ्यांत ब्रुसेला मेलिटेन्सिस आणि डुकरांत ब्रुसेला सुइस आढळतो. माणसाला सर्वांत जास्त त्रास मेलिटेन्सिस देतो. मेंढ्यांमधला ब्रुसेला ओव्हिस माणसाला होत नाही, तेव्हा त्याचा हिशेब वेगळा ठेवा.

हा जिवाणू गाभण जनावराच्या वारेत फोफावतो, कारण तिथे त्याला एरिथ्रिटॉल नावाची शर्करा मिळते. गाभडलेला गर्भ, वार आणि गर्भपाण्यात म्हणूनच त्याची संख्या प्रचंड असते. दुसरे जनावर ते चाटते, किंवा त्याने दूषित झालेला चारा-पाणी खाते आणि बाधित होते. कडक उन्हात जिवाणू लवकर मरतो, पण थंड, ओल्या, सावलीच्या जागी आठवडे-महिने टिकतो. धोक्याच्या घटकांची यादी करायची वेळ येईल तेव्हा या साखळीची आठवण ठेवा. प्रत्येक खरा घटक तिच्या कुठल्या ना कुठल्या कडीवर बसतो.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘या भागात ब्रुसेलोसिस किती आहे’ हा प्रश्न अर्धवट आहे. जनावरांपैकी किती टक्के, की कळपांपैकी किती टक्के? हे दोन आकडे फार वेगळे येऊ शकतात. दर शंभरात पाचच जनावरे बाधित असली तरी ती तीस कळपांत विखुरलेली असू शकतात किंवा दोनच कळपांत एकवटलेली असू शकतात. पहिल्या परिस्थितीत सगळीकडे लसीकरण हवे, दुसऱ्या परिस्थितीत त्या दोन कळपांवर लक्ष पुरते.

प्रश्नात जनावराची जात, वय, लिंग आणि काळ आला पाहिजे. ‘सहा महिन्यांपुढच्या, लस न दिलेल्या मादी गाई-म्हशींपैकी किती टक्के जनावरांत प्रतिपिंडे आहेत’, असे काहीसे. सहा महिन्यांची मर्यादा अशासाठी, की लहान वासरांत चिकातून आलेली आईची प्रतिपिंडे असतात आणि ती चाचणीला फसवतात. ‘बाधित’ कोणाला म्हणायचे, म्हणजे कोणत्या चाचण्यांत काय निकाल आल्यावर, हेही आत्ताच ठरवा. निकाल हाती आल्यावर व्याख्या बदलायची नाही.

पायरी २: किती जनावरे तपासायची

प्रमाण काढायचे असेल तर सूत्र सोपे आहे: १.९६ (९५ टक्के खात्रीसाठीचा आकडा) चा वर्ग, गुणिले अंदाजे प्रमाण, गुणिले (१ वजा अंदाजे प्रमाण), भागिले स्वीकारार्ह चुकीचा वर्ग. काहीच अंदाज नसेल तर प्रमाण ५० टक्के धरतात. चूक ५ टक्के चालणार असेल तर उत्तर येते ३८४.

अनेक अभ्यास इथेच थांबतात आणि घसरतात. हे ३८४ तेव्हाच पुरेसे, जेव्हा प्रत्येक जनावर स्वतंत्रपणे, चिठ्ठी काढल्यासारखे निवडले जाते. आपण मात्र कळप निवडतो आणि त्यातली जनावरे घेतो. एका गोठ्यातल्या जनावरांचा धोका सारखा असतो, त्यामुळे दहावे जनावर पहिल्या नवांपेक्षा फारसे नवे काही सांगत नाही. याची भरपाई म्हणून संख्या वाढवावी लागते. एका कळपातून सरासरी १० जनावरे घेणार असाल आणि कळपातल्या साम्याचा गुणांक ०.१ धरला, तर गुणक होतो १ अधिक (९ गुणिले ०.१), म्हणजे १.९. तेव्हा ३८४ ऐवजी सुमारे ७३० जनावरे, म्हणजे ७३ कळप. ब्रुसेलोसिस कळपात एकवटतो, म्हणून हा गुणक टाळू नका. निवड करावीच लागली तर कमी कळपांतून जास्त जनावरे घेण्यापेक्षा जास्त कळपांतून थोडी थोडी घ्या.

आपल्या एका कळपात रोग आहे की नाही एवढेच पाहायचे असेल तर गणित निराळे. मोठ्या कळपात १० टक्के जनावरे बाधित असतील, तर ९५ टक्के खात्रीने किमान एक तरी सापडण्यासाठी २९ जनावरे तपासावी लागतात. ५ टक्के असतील तर ५९ आणि १ टक्का असेल तर २९९. पन्नास जनावरांच्या कळपात १० टक्क्यांसाठी २२ पुरतात. हे आकडे चाचणी अचूक आहे असे धरून आहेत. प्रत्यक्षात थोडी जास्तच घ्या, आणि कळप लहान असेल तर सरळ सगळ्यांचे रक्त काढा.

पायरी ३: निवड

दवाखान्यात आलेली जनावरे, गाभडलेली जनावरे, स्वतःहून पुढे आलेल्या मालकांची जनावरे: यांतून निघालेले प्रमाण त्या गटापुरतेच असते. गाभडलेल्या गाईंतली टक्केवारी पूर्ण भागाची म्हणून सांगितली की ती फुगलेली असणारच. कळपांची यादी मिळवा, तिच्यातून यादृच्छिक आकड्यांनी, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखे, कळप काढा आणि कळपात गेल्यावर पुन्हा यादृच्छिकपणे जनावरे निवडा. कानातल्या बिल्ल्यांची यादी असेल तर उत्तम. नसेल तर जनावरे दावणीला ज्या क्रमाने उभी आहेत त्या क्रमाने प्रत्येक तिसरे किंवा चौथे घ्या, सुरुवात कुठून करायची ते चिठ्ठीने ठरवा. ‘ही मारकी आहे, ती सोडा’ असे मालक म्हणेल. अशी सोडलेली जनावरे आणि नकार दिलेले कळप नोंदवा. त्यांची संख्या मोठी निघाली तर निष्कर्ष सांगताना ती सांगावी लागेल.

पायरी ४: प्रश्नावली, रक्ताआधी

निकाल माहीत असताना विचारलेले प्रश्न कळत-नकळत झुकतात. म्हणून प्रश्नावली आधी भरा. प्रत्येक जनावराचे वय, वेत, गाभण आहे का, किती महिन्यांची, घरचे की विकत आणलेले, कधी आणले, लस कोणती आणि कोणत्या वयात दिली, हे सर्व त्याच्या क्रमांकासमोर येऊ द्या. कळपाबद्दल विचारा: एकूण जनावरे, शेळ्या-मेंढ्या सोबत आहेत का, चरण्याची आणि पाण्याची जागा कोणाकोणाशी सामाईक आहे, विण्यासाठी वेगळी जागा आहे का, वळू बाहेरून येतो की कृत्रिम रेतन होते, पडलेल्या वारेचे काय करतात.

प्रश्न विचारण्याची रीत फार महत्त्वाची. ‘वार नीट पुरता का?’ असे विचारले तर उत्तर ‘हो’च येईल. ‘मागच्या वेळी गाय व्याली तेव्हा वार कुठे टाकली?’ असे विचारा. गाभडण्याबद्दल विचारतानाही ‘गेल्या बारा महिन्यांत’ असा ठरावीक काळ द्या, नाहीतर एकजण दहा वर्षांचे सांगतो आणि दुसरा महिन्याभराचे.

पायरी ५: रक्त काढणे

मानेच्या किंवा शेपटीच्या शिरेतून, साध्या, गोठणरोधक नसलेल्या नळीत ५ ते १० मिली रक्त पुरते. प्रत्येक जनावराला नवी सुई. नळीवर क्रमांक तिथल्या तिथे लिहा. नळी तिरपी ठेवून सामान्य तापमानाला रक्त गोठू द्या, मग सीरम वेगळे करा. काही दिवसांत तपासणार असाल तर ४ अंश सेल्सिअसला ठेवा, जास्त काळ ठेवायचे असेल तर उणे २० अंशांना. गोठलेल्या रक्ताची नळी तशीच बर्फात घालू नका. पेशी फुटून सीरम लाल होते आणि चाचणी वाचता येत नाही.

नुकत्याच व्यालेल्या किंवा गाभडलेल्या जनावराची वेगळी खूण करा. बाधित असूनही विण्याच्या आगेमागे काही आठवडे त्याची चाचणी नकारात्मक येऊ शकते. अशांचे रक्त साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा घ्यावे.

आता हे सर्वांत कळकळीने सांगतो. हातमोजे, तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा आणि धुता येणारे कपडे यांशिवाय वार, गर्भ किंवा स्राव हाताळू नका. मोजके जिवाणूसुद्धा माणसाला बाधा करायला पुरतात. ते त्वचेवरच्या खरचटल्यातून, डोळ्यांतून आणि श्वासातूनही शिरतात. जिवाणू वाढवून पाहण्याचे काम जैवसुरक्षेची योग्य सोय असलेल्या प्रयोगशाळेतच व्हावे. प्रयोगशाळेत काम करताना होणाऱ्या संसर्गांमध्ये हा रोग फार पूर्वीपासून वरच्या क्रमांकावर आहे.

पायरी ६: चाचणी निवडणे

प्रत्यक्ष गोठ्यावर रोझ बेंगाल ही सीरममधली प्रतिपिंडे दाखवणारी चाचणी सर्वांत सोयीची. सीरम आणि अँटिजेन (चाचणीसाठी मिळणारे, मेलेल्या ब्रुसेला जिवाणूंचे रंगीत द्रव) सामान्य तापमानाला येऊ द्या, साधारण ३० मायक्रोलिटर सीरम आणि तितकेच अँटिजेन पांढऱ्या फरशीवर किंवा काचेवर मिसळा, ४ मिनिटे हलवा आणि उजेडात पाहा. जराशी गुठळी दिसली तरी ती सकारात्मक समजतात. ४ मिनिटांनंतर वाचू नका, कडेने सुकलेले द्रव गुठळीसारखे दिसते. शेळ्या-मेंढ्यांसाठी सीरम तिप्पट घेतल्यास, म्हणजे ७५ मायक्रोलिटर सीरमला २५ मायक्रोलिटर अँटिजेन, बाधित जनावरे निसटण्याचे प्रमाण कमी होते.

एकत्रित दुधावर मिल्क रिंग चाचणी करता येते. कळपांची पहिली चाळणी म्हणून ती स्वस्त आणि उपयोगी आहे, पण फक्त गाई-म्हशींसाठी. शेळी-मेंढीच्या दुधावर ती चालत नाही. चीक, दगडी झालेल्या कासेचे दूध आणि आटत आलेले दूध यांतही ती फसते.

लस आणि काही इतर जिवाणू रोझ बेंगालला चकवतात. स्ट्रेन १९ आणि रेव्ह १ या लसींनी तयार झालेली प्रतिपिंडे ती नैसर्गिक बाधेपासून वेगळी ओळखत नाही, आरबी ५१ या लसीची प्रतिपिंडे मात्र तिच्यात दिसत नाहीत. यर्सिनिया एन्टेरोकोलिटिका ओ ९ या जिवाणूची बाधा झालेले जनावरही खोटे सकारात्मक येऊ शकते. म्हणून रोझ बेंगालने गाळून सकारात्मक नमुने एलायझा किंवा कॉम्प्लिमेंट फिक्सेशन या प्रयोगशाळेतल्या प्रतिपिंड-चाचण्यांनी पक्के करण्याची पद्धत आहे.

ही दुसरी पायरी का गाळू नये ते आकड्यात पाहा. समजा चाचणीची विशिष्टता ९८ टक्के आहे, म्हणजे शंभर निरोगी जनावरांतली दोन ती चुकून बाधित ठरवते. एका पूर्ण निरोगी कळपातली २० जनावरे तपासली, तर किमान एक तरी खोटे सकारात्मक येण्याची शक्यता ३३ टक्के आहे. ‘एक सकारात्मक म्हणजे कळप बाधित’ अशी व्याख्या ठेवली असेल, तर एक तृतीयांश निर्दोष कळपांवर शिक्का बसला. शिवाय मोठ्या कळपातून जास्त नमुने घेतले असतील तर ‘मोठे कळप जास्त बाधित’ असा निष्कर्ष नुसत्या चाचणीच्या चुकीतूनच तयार होतो.

पायरी ७: टक्केवारी दुरुस्त करणे

चाचणीने दाखवलेले प्रमाण आणि खरे प्रमाण एक नसते. दुरुस्तीचे सूत्र असे: (दिसलेले प्रमाण अधिक विशिष्टता वजा १) भागिले (संवेदनशीलता अधिक विशिष्टता वजा १). संवेदनशीलता म्हणजे शंभर बाधित जनावरांतली किती चाचणी बरोबर पकडते. समजा ८ टक्के सकारात्मक आले, संवेदनशीलता ९० आणि विशिष्टता ९८ टक्के. वर उरतात ०.०६, खाली ०.८८, उत्तर ६.८ टक्के. रोग कमी असलेल्या ठिकाणी फरक आणखी मोठा होतो. खरे प्रमाण १ टक्का असेल तर याच चाचणीत सकारात्मक ठरलेल्या जनावरांपैकी जेमतेम ३१ टक्केच खरी बाधित असतात. या एका निकालावर कोणाचे जनावर काढून टाकायला सांगणे अन्यायाचे आहे.

टक्केवारीसोबत विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांच्या मध्ये असण्याची शक्यता आहे ती टोके, द्याच, आणि ती काढताना कळपांचा परिणाम धरलेला असू द्या.

पायरी ८: धोक्याचे घटक

इथे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ४०० जनावरे तपासली. विकत आणलेल्या १२० पैकी २४ सकारात्मक, घरच्या २८० पैकी १४. म्हणजे २० टक्के आणि ५ टक्के. ऑड्स रेशो, म्हणजे दोन गटांतल्या सकारात्मक-नकारात्मक गुणोत्तरांची तुलना, काढायचा तर २४ भागिले ९६ म्हणजे ०.२५, आणि १४ भागिले २६६ म्हणजे ०.०५३. पहिल्याला दुसऱ्याने भागले की ४.७५. याची ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण २.४ ते ९.६ येते. खालची मर्यादा १ च्या वर आहे, म्हणजे संबंध केवळ योगायोगाचा असण्याची शक्यता कमी.

पण विकत आणलेली जनावरे वयाने मोठी असू शकतात, आणि वय वाढते तसा हा रोग वाढलेला दिसतो. कारण साधे आहे: जास्त वेते, जास्त वर्षांचा संपर्क आणि दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडे. मग खरेदी दोषी की वय? हे वेगळे करण्यासाठी बहुचल लॉजिस्टिक रिग्रेशन (अनेक घटकांचा परिणाम एकाच वेळी तोलणारी संख्याशास्त्रीय पद्धत) वापरतात आणि एका कळपातल्या जनावरांमधले साम्य धरले जावे म्हणून त्यात कळप हा यादृच्छिक परिणाम म्हणून घालतात. संगणक आकडे देईल, पण कोणते घटक एकत्र घालायचे हे तुम्हाला रोगाच्या साखळीवरून ठरवावे लागेल. वय आणि वेत हे दोन्ही एकाच वेळी घालू नका, ती जवळजवळ एकच माहिती आहे.

याहून मोठी चूक मला वारंवार दिसते. गाभडण्याचा इतिहास आणि वार अडकणे यांना धोक्याचे घटक म्हणून छापले जाते. ते रोगाचे परिणाम आहेत. गाय गाभडली म्हणून तिला ब्रुसेलोसिस झालेला नाही, ब्रुसेलोसिस झाला म्हणून ती गाभडली. कळपाच्या पातळीवर मात्र ‘शेजारची गाय गाभडली होती का’ हा प्रश्न खरा घटक ठरू शकतो, कारण तिच्या स्रावातून हिला बाधा होते. लसीकरणातही असाच उलटा संबंध लपलेला असतो. गाभडण्याची साथ आल्यावरच काही मालक लस टोचतात, आणि मग आकड्यांत लस दिलेले कळप जास्त बाधित दिसतात.

रोगाच्या चालीशी जुळणारे आणि बदलता येणारे घटक मला असे वाटतात. तपासणीविना, विशेषतः गाभण जनावर विकत आणणे. विण्यासाठी वेगळी जागा नसणे. वार आणि गर्भ उघड्यावर टाकणे, जे कुत्री ओढून दुसऱ्या गोठ्यात नेतात. गाई आणि शेळ्या-मेंढ्या एकत्र ठेवणे, कारण मेलिटेन्सिस गाईंतही शिरतो. अनेक कळपांचे चरणे-पाणी एक असणे. रेतनाबाबत बारकाईने पाहा: गाई-म्हशींत नैसर्गिक संयोगातून हा रोग तुलनेने कमी पसरतो, पण बाधित वळूचे वीर्य कृत्रिम रेतनाने थेट गर्भाशयात सोडले तर धोका मोठा. डुकरांत मात्र नैसर्गिक संयोग हाच एक मुख्य मार्ग आहे.

पायरी ९: निकालानंतर

मालकाला त्याच्या कळपाचा निकाल खासगीत आणि समजेल असा सांगा. बाधित जनावरांवर प्रतिजैविकांचा भरवसा ठेवता येत नाही. जिवाणू पेशींच्या आत दडून बसतो आणि जनावर वाहक राहू शकते. अशी जनावरे वेगळी काढणे, विण्याच्या वेळी एकटी ठेवणे, त्यांची विक्री रोखणे आणि तिथल्या कायद्यानुसार विल्हेवाट लावणे, हे मार्ग आहेत. वार-गर्भ खोल पुरून वर चुना टाकावा किंवा जाळावा. जागा आधी शेण-माती काढून धुवावी, मगच जंतुनाशक घालावे. घाणीवर ओतलेले जंतुनाशक वाया जाते.

नवे जनावर आणल्यावर वेगळे ठेवा आणि ३० ते ६० दिवसांच्या अंतराने दोनदा तपासा. गाभण असेल तर व्याल्यावरही तपासा. बाधित गाईची कालवड पहिल्या वेतापर्यंत नकारात्मक राहून नंतर सकारात्मक येऊ शकते, म्हणून तिच्यावर लक्ष असू द्या. स्ट्रेन १९ साधारण ३ ते ८ महिन्यांच्या कालवडींनाच देतात, नेमकी वयोमर्यादा देशागणिक थोडी बदलते. ही लस गाभण गाईला टोचली तर ती गाभडू शकते.

गोठ्यातली माणसे सर्वेक्षणाबाहेर राहू देऊ नका. चढउतार होणारा ताप, रात्री येणारा घाम, कंबर-सांध्यांचे दुखणे, पुरुषांत वृषणाला सूज, अशी लक्षणे असतील तर त्यांना डॉक्टरांकडे पाठवा आणि जनावरांच्या निकालाचा कागद सोबत द्या. तो कागद पाहिल्याशिवाय या रोगाची शंका अनेकदा येतच नाही. उपचार दोन प्रतिजैविकांनी आणि साधारण सहा आठवडे चालतात, मध्येच सोडले तर रोग उलटतो. दूध ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे किंवा ७२ अंशांना १५ सेकंद तापवले की जिवाणू मरतो. घरी दूध उकळले तरी तेच साधते. लस टोचताना सुई स्वतःला लागली तर लगेच डॉक्टरांना गाठा आणि कोणती लस होती ते सांगा: आरबी ५१ वर रिफॅम्पिसिन चालत नाही, रेव्ह १ वर स्ट्रेप्टोमायसिन चालत नाही.

उपाय लागू केल्यावर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा मोजा. त्या वेळी चाचणी, वयाची मर्यादा, बाधित ठरवण्याची व्याख्या आणि निवडीची पद्धत पहिल्यासारखीच ठेवा, नाहीतर दोन्ही टक्केवारींची तुलना करता येणार नाही.